सात नंबरवर कोण बोलतंय

आसरखेड पोलीस ठाण्यात त्या दिवशी मंजूर पदं बेचाळीस होती, भरलेली एकोणतीस. एकोणतीसपैकी पाच जण बाहेरगावी बंदोबस्ताला, दोन न्यायालयात, एक बाळंतपणाच्या रजेवर आणि एक निलंबित. राहिले वीस. हातातले वायरलेस संच चौदा. त्यांतले तीन बंद, अकरा चालू. रायफली नऊ, पिस्तुलं सहा. पाण्याचे रांजण दोन, एक गळका. मागच्या बारा वर्षांत 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंदलेले या ठाण्याचे पोलीस तीन. नव्या कायद्याखाली फेरतपासणी झाल्यावर त्यांतल्या आत्महत्या ठरलेल्या तीन.

ही मोजणी मी केली. जिल्ह्याच्या प्रतिबंध कक्षात मी गणन अधिकारी होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला पोलीस खात्यात नोकरी मिळते, ती या कायद्यामुळे. पोलीस आत्महत्या नोंद व प्रतिबंध अधिनियम लागू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याचा पहिला भाग नोंदीचा: पोलिसाचा कुठलाही मृत्यू 'पाय घसरून' किंवा 'चुकून' असं लिहून मिटवता येणार नाही, प्रत्येकाचं कारण शोधायचं. दुसरा भाग प्रतिबंधाचा, आणि तो एका आकड्यावर उभा होता. त्या आकड्याचं नाव सावरांक.

तोल जाण्याच्या जवळ आलेली कुठलीही व्यवस्था सावरायला जास्त वेळ घेते. हे आधी तळ्यांत दिसलं, मग जंगलांत, मग हृदयाच्या ठोक्यांत. निरोगी तळ्यात शेतातलं थोडं खत वाहून आलं, तर आठवडाभरात पाणी पूर्ववत होतं. नासण्याच्या बेतात आलेल्या तळ्यात तेवढंच खत महिनाभर रेंगाळतं. वरून दोन्ही तळी सारखीच निळी दिसतात. धक्का केवढा बसला याला फार महत्त्व नाही. त्यातून परत यायला किती वेळ लागला, ते बघायचं.

माणसात हे मोजायचं कुठे? पोलिसांच्या बाबतीत जागा आयती सापडली. कंट्रोल रूम दर अर्ध्या तासाला प्रत्येक संचाला हाक मारते आणि संच उत्तर देतो. हाक आणि उत्तर यांच्यामध्ये एक विराम असतो, साधारण पाऊण सेकंदाचा. हायवेवरचा अपघात, हरवलेलं मूल, असं काही कानावर पडलं की पुढच्या उत्तरांत तो विराम लांबतो, आणि हळूहळू पुन्हा पाऊण सेकंदावर येतो. किती उत्तरांनंतर येतो, तो सावरांक. ठणठणीत माणसाचा तीन ते पाच. बारा झाला की कायदा हलतो: शस्त्र जमा, एकवीस दिवसांची सक्तीची पगारी रजा, समुपदेशकाची भेट. प्रश्नावलीत पोलीस काहीही लिहितात. त्यांना प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. विरामात मात्र खोटं बोलता येत नाही, कारण आपण तो घेतोय हेच आपल्याला ठाऊक नसतं.

एकच अट होती, कलम नऊ. आवाजावरून माणूस ओळखायचा नाही. विराम संचातच मोजला जाईल, बाहेर येईल फक्त आकडा, तोही संचाच्या क्रमांकावर. मूळ ध्वनी महिनाभर कुलूपबंद राहील आणि कक्षातलं कोणीही तो ऐकणार नाही. संघटनेने या कलमासाठी पाच दिवस काळ्या फिती लावल्या होत्या. कारण सगळ्यांना माहीत होतं. तोंडाने कोणी सांगितलं नाही.

आसरखेडच्या सात नंबरच्या संचाचा सावरांक चौदा झाला, म्हणून मी तिथे मोजणीला गेले होते. सात नंबर शिपाई धीरज तायडेच्या नावावर होता. वय सत्तावीस, लग्नाला सात महिने. रजेच्या सहाव्या दिवशी तो बायकोला, प्रणालीला, घेऊन माझ्या कार्यालयात आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मी मरणार नाही हे सिद्ध कसं करू?"

"सिद्ध काही करायचं नाही. पगारी रजा आहे ती. आराम करा."

"रजा! दोन वर्षं चार दिवस मागून रायलो, भेटले नाही. आता न मागता एकवीस." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "लाईनीत पोरं खिडकीतून पाहतात, मी जिता हाय का म्हणून. शेजारची माउशी दोरीवरचे कपडे काढून घेऊन गेली. म्हणे, दोरी नको बाहेर."

"माहे बाबा मले न्याले आले होते," प्रणाली म्हणाली. "म्हटलं, मी नाही येत. मॅडम, यायच्यात तसं काहीच नाही. सात वाजता घरी येतात, जेवतात, माह्यासंगं बडबड करतात, नऊले जातात परत. ज्या माणसाले मरायचं हाय तो तिसरी भाकर मागन का?"

धीरजने तिच्याकडे पाहिलं आणि ती एकदम गप्प झाली. तक्त्यावर धीरजची ड्युटी दुपारी दोन ते रात्री दहा होती. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. त्याच पोलीस लाईनीत मी लहानाची मोठी झाले होते. पण मी समुपदेशकाचा अहवाल बघत होते. त्यात लिहिलं होतं, 'धोका आढळला नाही'. आकडा चौदा आणि समुपदेशक म्हणते काही नाही. कायद्यानुसार आकडा वरचढ.

सात नंबर जमा झाल्यावर आठ दिवसांनी चार नंबरचा सावरांक तेरा झाला. चार नंबर सपकाळ नावाच्या हवालदाराचा, तीन मुलींचा बाप, ठाण्यातला सगळ्यात हसरा माणूस. त्यानंतर तीन दिवसांनी अकरा नंबर, पंधरा.

"संसर्ग आहे हा," आमचे उपअधीक्षक काळपांडे सर म्हणाले. त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. एका आत्महत्येच्या आसपास दुसरी होते, हे शास्त्राला ठाऊक आहे. "तीन आधीच गेलेत त्या ठाण्यातून. चौथ्याची वाट बघत बसायची नाही मला. सोमवारी सगळी शस्त्रं आणि सगळे संच जमा करा. वीसच्या वीस माणसं सहा ठाण्यांत विखरा. ठाणं एकदा धुऊन काढू."

"सर, नव्या ठिकाणी नवा संच मिळाला की नमुने शून्यापासून सुरू होतात. विश्वासार्ह सावरांकाला धक्क्यानंतरचे दोनशे नमुने लागतात. दोन महिने आपल्याला काहीच दिसणार नाही."

"मग तुम्ही सांगा काय करू. सोमवारपर्यंत वेळ आहे. आज शुक्रवार."

मी जागेवर येऊन तिन्ही संचांचे लांबलेले विराम तासांप्रमाणे मांडले. धीरजचे लांब विराम संध्याकाळी सात ते नऊ. सपकाळचे सात ते नऊ. अकरा नंबरचे सात ते नऊ. बाकीच्या वेळात तिघेही ठणठणीत. संसर्ग घड्याळ बघून येत नाही.

मग मी एक साधी गोष्ट केली. संचांचे क्रमांक पुसले आणि सात ते नऊ या वेळातले सगळे विराम एकामागोमाग ओवले. चार नंबरवर लांबलेला विराम अकरा नंबरवर थोडा कमी झाला होता, पुन्हा चारवर आणखी थोडा. तीन माणसांचे विराम वेडेवाकडे यायला हवे होते. आली एकच सलग उतरती रेषा. एकाच माणसाची. त्या माणसाचा सावरांक काढला. एकोणीस.

एकोणीस मी तोवर एकदाच पाहिला होता. फेरतपासणीत, आत्महत्या केलेल्या एका पोलिसाच्या जुन्या ध्वनिफितीवर.

संचाची खरखर तपासायला गणन अधिकाऱ्याकडे एक किल्ली असते. तिने महिन्यातून तीन मिनिटं ध्वनी उघडता येतो, पण ज्यात कोणी बोलत नाही असाच. मी बोलण्याचा तुकडा उघडला. अकरा सेकंदांचा.

"आसर सात, आसर सात, कंट्रोल."

विराम.

"आसर सात. बसस्टँड चौक. सर्व ठीक."

मी तो दुसऱ्यांदा ऐकला नाही. गरज पडली नाही.

आमचं क्वार्टर ठाण्याच्या बरोब्बर मागे होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ठाण्यातला मोठा सेट ऐकू यायचा. मी दुसरीत असेन; बाबा समोर मांडी घालून बसले होते आणि मी त्यांना तेराचा पाढा म्हणून दाखवत होते. खिडकीतून आवाज आला, "आसर चार, कंट्रोल." चार नंबर तेव्हा बाबांचा होता. आणि लगेच उत्तर आलं, "आसर चार. बसस्टँड चौक. सर्व ठीक." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर इथे आहात." बाबा म्हणाले, "तेर सत्ते?" आणि मी एक्क्याण्णव म्हटलं. तेव्हापासून अकरा वर्षं मी तो आवाज ऐकत होते. 'सर्व'वर किंचित थांबणारा आणि 'ठीक' गिळून टाकणारा. हवालदार उद्धव डोंगरदिवे. ठाण्यातला मोठा सेट तेच सांभाळायचे. संध्याकाळी जाणारे आपले हातातले संच त्यांच्या टेबलामागच्या खिळ्यांना टांगून घरी यायचे, आणि डोंगरदिवे काका सगळ्यांच्या जागी बोलायचे. बसस्टँड चौक ठाण्यापासून नव्वद मीटरवर. कुठल्याही नकाशावर ठिपका तोच दिसायचा.

मी यादीत त्यांचं नाव शोधलं. त्यांच्या नावावर संच क्रमांक दोन. मोठा सेट तिघांच्या पाळ्यांवर चालतो, म्हणून तो कोणाच्या नावावर धरत नाहीत. आणि दोन नंबरला कोणी हाक मारत नाही, कारण तो माणूस ठाण्यातच असतो. त्यांच्या ओळीत लिहिलं होतं: 'नमुने सहा. अपुरे.' त्या ठाण्यात सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या माणसाची कायद्याकडे नोंदच नव्हती.

सोमवारी ते कुठल्या तरी अनोळखी ठाण्यात जाणार होते. तिथे त्यांच्यापाशी संच टांगून जाणारंही कोणी नसणार.

घरी आले तेव्हा बाबा भेंडी चिरत होते. आई मावशीकडे गेली होती. बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन वर्षं झाली होती; अजून कुठे खरखर झाली की मान वळायची.

"बाबा, डोंगरदिवे काकांना शेवटचं कधी भेटलात?"

"निरोप समारंभात. शाल त्यानंच घातली."

"त्यानंतर फोन?"

"तो उचलत नाही."

"किती वेळा केलात?"

बाबांनी चार-पाच भेंड्या चिरल्या. "एकदा."

मी जे पाहिलं ते सांगितलं. कलम नऊ मोडलं हेही. ते ऐकून बाबांनी सुरी खाली ठेवली.

"अकरा वर्षं तो माझ्या जागी बोलला. तुझे पाढे, तुझं ते दुर्बिणीचं वेड, तुझ्या आईचं बाळंतपण, भावाच्या वेळचं. सगळं त्या दोन तासांत बसवलं मी."

"तुम्ही त्यांच्या जागी किती वेळा बोललात?"

"त्यानं मागितलं नाही कधी."

"विचारलंत?"

बाबांनी चिरलेली भेंडी ताटात गोळा केली. मग म्हणाले, "कुसुमवहिनी गेल्या, तेव्हा तो सेटवर होता. सकाळपासून त्यांच्या छातीत दुखत होतं. घर दीडशे पावलांवर. आम्ही सहा जण होतो ठाण्यात, सहाही बोललो असतो त्याच्या जागी. पण त्यानं सांगितलंच नाही कोणाला. नऊला घरी गेला, तेव्हा संपलं होतं."

बाबा घरी नसायचे, म्हणून मी लहानपणभर हिरमुसलेली असायचे. मला रोज तिसरा तास हवा असायचा. जे दोन मिळाले ते कुठून आले, हे मी कधी मोजलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं आसरखेडला गेलो. ठाण्यात पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. डोंगरदिवे काका सेटसमोर बसले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. वय चौपन्न. मागच्या खिळ्यांना दोन संच टांगून झाले होते, सपकाळ तिसरा टांगत होता. चार आणि अकरा नंबर जमा झाले होते, पण त्या माणसांची रजा सोमवारच्या आदेशाबरोबर निघणार होती; तोवर त्यांना त्याच क्रमांकांचे बदली संच मिळाले होते, आणि रीत तशीच चालू होती. आम्हाला बघून सपकाळचा हात संचावरच राहिला.

"जा रे, जेव," काका त्याला म्हणाले. "घरचीच पोरगी हाय." आणि बाबांना, "अबे खंडाऱ्या! मेला नाही अजून?"

"सीनियर तू. तुझा नंबर पहिला," बाबा सवयीने म्हणून गेले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

काकांच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा त्यांनी आणू दिलं नाही. "सांचे, केवढी झाली तू! तेराचा पाढा येते का अजून? मी इथून ऐकत होतो तुह्या आवाजात. तेर नवे चुकायची तू."

"आसर चार, कंट्रोल."

त्यांनी सपकाळचा संच उचलला. पाठ थोडी ताठ झाली. विराम. "आसर चार. बसस्टँड चौक. सर्व ठीक." संच खाली ठेवून मला म्हणाले, "चार नंबर आता हात धुऊन रायला. धाकटी पोरगी त्याच्या ताटात बसते, माहीत हाय का? बसूच देत नाही त्याले दुसरीकडं." पुढची हाक आली. दुसरा संच. "हा जेवत नाही लवकर. आधी मायले गोळ्या देते."

"सगळ्यांच्या घरचं माहीत आहे तुम्हाला," मी म्हटलं.

"तिथीच तर असतो मी." ते हसले. "धीरजचा सेट जमा केला तुमी. सात नंबरची नवी नवरी होती. मस्त चाललं होतं त्यायचं."

मरणाबद्दल कोणाला सरळ विचारलं तर तो विचार त्याच्या मनात पेरला जातो, अशी लोकांची समजूत आहे. ती चूक आहे. अभ्यास नेमका उलट सांगतात, सरळ विचारल्याने माणसाचं ओझं हलकं होतं. हे मी प्रशिक्षणात शिकले होते आणि दोन वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं. माझ्याकडे आकडे यायचे.

"काका, सरळ विचारते. मरून जावं असं मनात येतं का?"

बाबा भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशाकडे बघू लागले.

"कंट्रोलचा कॉल येईन आता," काका म्हणाले.

"येऊ दे."

त्यांनी चष्मा काढला, दोरा तपासला, पुन्हा घातला.

"येते," ते म्हणाले.

"कधी?"

"नऊ वाजता. सगळे आपापले सेट घेऊन जातात तवा." एवढं बोलल्यावर त्यांना पुढचं बोलणं सोपं गेलं. "सात ते नऊ मी चार घरी असतो. कोणी पाणी देते, कोणी म्हणते उशीर काहून केला. मी नुसता बोलतो, पण तेवढा येळ वाटते का आपलीच कोणी वाट पाहून रायलं. नऊले खिळे रिकामे होतात. मंग माह्या घरी जा लागते. कुसुमची साडी अजून दोरीवर हाय. धुतलेली. सहा वर्षं झाली, घडी करता येत नाही मले."

"मले सांगायचं ना बे," बाबा म्हणाले. जिल्ह्याच्या गावी राहून शुद्ध झालेली त्यांची भाषा एका क्षणात परत गेली.

"काय सांगायचं? का घरी कोणी नाही, तरी मले घरी जायचं हाय?"

बाबा म्हणाले, "ऊठ. आज तुह्या घरी जेवू. मी करतो पिठलं. सेटवर मी बसलो असतो, पण मी रिटायर माणूस, गुन्हा होईन तो. तू माग कोणाले तरी."

"ते लोक जेवून रायले, खंडाऱ्या."

"म्हणूनच म्हणतो. माग."

काकांनी मोबाईल हातात घेतला. मी दोन वर्षं विराम मोजत होते. तो मोजला नाही. मधे एक हाक आली, त्यांनी तिला उत्तर दिलं, सर्व ठीक म्हणाले, आणि मग नंबर लावला.

"सपकाळ? जेवला का? ...नाही, नाही, साहेब नाही आले. सगळं ठीक हाय." ते थांबले. "ठीक नाही तसं. जरा येतो का सेटवर? मले... मले घरी जायचं होतं."

सपकाळ चार मिनिटांत आला. पायात चप्पल नव्हती. उजवा हात भाजीने माखलेला, धुवायला थांबला नव्हता. काहीही न विचारता तो काकांच्या खुर्चीत बसला आणि डाव्या हाताने दोन नंबरचा संच पुढे ओढला.

"तुमचा कोणता, दोन ना? जा तुमी. मी बोलतो," तो म्हणाला.

त्यांच्या क्वार्टरमध्ये बाबांनी पिठलं केलं. मी साडीची घडी केली; काका दाराशी उभं राहून बघत होते. मधेच म्हणाले, "पदर आत," आणि मी घडी सोडून पुन्हा केली. जेवण झाल्यावर बाबांनी जाहीर केलं की ते तिथेच झोपणार आहेत आणि घोरणार आहेत. समुपदेशक बाईंना मी फोन केला. सकाळी आठला त्या आल्या आणि दुपारपर्यंत बसल्या.

सोमवारी मी काळपांडे सरांच्या टेबलावर तीन पानी अहवाल ठेवला. पहिलं वाक्य होतं: 'कलम नऊचा भंग मी केला आहे.' संसर्ग नाही, एक माणूस आहे, हे दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर कलम चौदा. ठाणेदाराला प्रत्येक संच रोज दोन तास मौन ठेवता येतो, तेवढा वेळ कंट्रोल त्याला हाक मारत नाही, माणूस उघडपणे घरी जातो. कायद्यात हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. जिल्ह्यातल्या बावीस ठाण्यांत दोन वर्षांत त्याचा वापर शून्य वेळा झाला होता. मौन लिहायचं तर माणसं आजवर घरी जात होती हे कबूल करावं लागलं असतं, आणि माणसं कमी आहेत हेही.

सरांनी अहवाल दोनदा वाचला.

"नाव का दिलं नाहीत त्या माणसाचं?"

"कलम नऊ, सर."

"आता आठवलं कलम नऊ?" ते माझ्याकडे बघत राहिले. "आवाज कसा ओळखलात? कुठलं सॉफ्टवेअर वापरलंत?"

"कोणतंच नाही. मी लाईनीतली आहे."

विखुरण्याचा आदेश रद्द झाला. धीरज सात नंबरवर परत गेला. आसरखेडला संध्याकाळी पाळीपाळीने चार संच मौन राहू लागले. टेबलामागचे खिळे कोणी उपटले नाहीत, त्यांना आता टोप्या टांगतात. माझी चौकशी झाली, किल्ली गेली, आणि मला नोंद विभागात पाठवण्यात आलं. तिथे मी जुने 'अकस्मात मृत्यू' तपासते. कागदावर प्रत्येकाचं गाव असतं, बक्कल नंबर असतो, शेवटची ड्युटी असते. त्यांच्या जागी कोण बोलत होतं, ते नसतं.

काका चाळीस दिवस रजेवर होते, त्यांतले तीस आमच्याकडे. बाबा आणि ते चहात आलं किती यावरून रोज भांडायचे. दर गुरुवारी बाईंकडे जायचे, येताना बाबा त्यांना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणायचे. कधी संध्याकाळी सातला दोघंही आपोआप गप्प व्हायचे. मी एकदा कार्यालयातून वेळेवर निघाले, तर काका दारात उभे. "उशीर काहून केला?" ते म्हणाले. मी घड्याळ बघितलं, उशीर झालेला नव्हता. मी म्हटलं, "गाडी मिळाली नाही," आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं.

रजा संपल्यावर मोठा सेट त्यांनी स्वतःहून सोडला. दोन नंबरचा संच कमरेला लावून ते खरोखरच्या बसस्टँड चौकात उभे राहू लागले. माझ्या जागी आलेल्या मुलाला मी काही विचारायचं नाही, असा नियम आहे. पण त्रैमासिक तक्ता नोंद विभागातही येतो, आणि तो मला वाचावाच लागतो. चौथ्या महिन्यात दुसऱ्या पानावर ती ओळ होती.

आसरखेड. संच दोन. डोंगरदिवे, उद्धव श्रीपत. नमुने दोनशे अठ्ठावीस. सावरांक आठ.